३६० किलोमीटर, पावणेपाच तास

सोलापुरात नवी पेठेतल्या माझ्या दुकानात पूर्वी मुख्यतः रेल्वेची आणि खासगी बसची तिकिटं निघायची. विमानाचं तिकीट काढून दिलं तरी ते पुण्याहून, मुंबईहून किंवा हैदराबादहून. २०१९ च्या नोव्हेंबरात कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला, तशी काही गिऱ्हाइकं तिकडूनही उडू लागली. मग ९ जून २०२५ ला आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान उडालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरची मुंबई आणि बेंगळुरूची सेवा आली. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "विमानानं किती अंतर पडतं हो? आणि वेळ किती लागतो?"

दोन्ही आकडे मोबाइलवर क्षणात मिळतात. तरी माणसं दुकानाची पायरी चढून विचारतात आणि ते बरोबरच करतात. मोबाइलवरचा आकडा एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा असतो. माणसाला मात्र जुळे सोलापुरातून निघून काळबादेवीला पोचायचं असतं. या दोन अंतरांमध्ये काय काय बसतं, ते इतकी वर्षं तिकिटं काढताना आणि स्वतः फिरताना उमगत गेलं. तेच क्रमानं सांगतो.

१. अंतर एकदा स्वतः काढून बघा

मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे. सोलापूरचा १७.६३ उत्तर आणि ७५.९३ पूर्व. संध्याकाळी दुकानात बसणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे चार आकडे पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले आणि म्हटलं, काढ अंतर. अक्षांशांतला फरक १.४६ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की १६२ होतात. रेखांशांतला फरक ३.०६ अंश. ध्रुवांकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरच्या आसपासच भरतो; त्याचे झाले ३२४. पुढचं काम पायथागोरसचं. कागदावर उत्तर आलं ३६२. मोबाइलवर ताडून पाहिलं, दोन-चार किलोमीटर इकडे तिकडे.

या रेघेशेजारी जमिनीवरची अंतरं मांडली की खरी गंमत कळते. मुंबई ते सोलापूर लोहमार्गानं ४५५ किलोमीटर, रस्त्यानं चारशेच्या आसपास. गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंतची सरळ रेघ ३०५ किलोमीटरची, पण गाडीनं जायचं तर कोल्हापूरकडून जा नाहीतर विजापूर-बेळगावकडून, आकडा चारशेच्या आसपास जातोच आणि वर घाट उतरावा लागतो. बेंगळुरूची रेघ सव्वापाचशेच्या थोडी पुढे. पुण्याची मात्र २३८, आणि रस्त्यानं पुणं अडीचशे किलोमीटर! सरळ रेघ आणि रस्ता यांत जितकी तफावत जास्त, तितकी विमानाची कमाई जास्त. गोव्याचं विमान सोलापूरकरांनी पहिल्या आठवड्यापासून उचलून धरलं असेल तर त्याचं मूळ मध्ये आडव्या पडलेल्या सह्याद्रीत आहे.

आणखी एक गोष्ट त्याच कागदावर निघाली. सूर्याला एक अंश रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. म्हणून तीन अंश पूर्वेला असलेल्या सोलापुरात सूर्य मुंबईपेक्षा बारा मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. भाच्याला तिकिटापेक्षा हेच जास्त आवडलं.

२. विमान त्या रेघेवरून जात नाही

रेघ कागदावरची. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गानं जावं लागतं, उतरताना वाऱ्याच्या तोंडी उतरावं लागतं आणि मुंबईसारख्या ठिकाणी आधी आलेल्यांच्या मागे रांगेत राहावं लागतं.

मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा बहुतेक दिवस समुद्राकडून येतो, म्हणून विमानं पूर्वेकडून, घाटकोपरच्या टेकड्यांवरून आत शिरतात आणि पश्चिमेला तोंड करून उतरतात. सोलापूरहून येणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण आपण येतोच पूर्वेकडून. खिडकीपाशी बसलात तर टेकडीच्या उतारावर चिकटलेली पत्र्याची घरं इतकी जवळ दिसतात की वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग कळावेत. परतीला गणित उलटतं. विमान समुद्राच्या दिशेनं सुटतं, जुहूच्या किनाऱ्यावरून पाण्यावर जातं आणि मग वळून पूर्वेची वाट धरतं. सोलापूरला जायला निघालेला माणूस पहिली काही मिनिटं अरबस्तानाच्या दिशेनं जात असतो. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणानं विमानं सोडता येत नाहीत. रांग लागते. कधी विमान आकाशात घिरट्या घालत थांबतं, कधी जमिनीवर इंजिन सुरू ठेवून.

म्हणून ३६० किलोमीटरच्या रेघेवर प्रत्यक्ष उड्डाण चारशेपर्यंतही जाऊ शकतं. कुणी फसवत नाही. आकाशालाही वळणं आहेत.

३. वेगानं भागाकार करू नका

मुंबईला जाणारं स्टार एअरचं विमान एम्ब्रेअर १७५ जातीचं जेट, ७६ आसनांचं. उंचावर ते ताशी आठशे किलोमीटरच्या घरात जातं. शाळेतल्या सवयीनं माणूस भागाकार करतो आणि विचारतो, सत्तावीस मिनिटांत पोचायला हवं ना? मग तिकिटावर तास-सव्वा तास का लिहिलाय?

त्याचं उत्तर चढ-उतारात आहे. जेट विमानाला आपल्या उंचीवर चढायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांना साधारण तीन सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अठ्ठावीस हजार फुटांवरून खाली यायचं तर दीडशे किलोमीटर आधीच उतरायला लागायचं. चढणीचे दीडशे, उतरणीचे दीडशे. मुंबई-सोलापूरमध्ये पूर्ण वेगानं जायला उरतात साठ किलोमीटर. पट्टा सोडा, चहा घ्या, पट्टा बांधा, एवढ्यात संपतं ते.

याच कारणानं गोव्याच्या मार्गावरचं पंख्याचं एटीआर विमान लोक समजतात तितकं मागे पडत नाही. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. पण ते कमी उंचीवरून जातं, चढण्यात फार वेळ घालवत नाही आणि तीनशे किलोमीटरच्या पल्ल्यात जेटच्या मागे राहतं ते जेमतेम दहा-बारा मिनिटं. तीनशे-चारशे किलोमीटरसाठी जेटच हवं असा हट्ट धरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. एटीआरच्या खिडकीतून सह्याद्री जसा दिसतो तसा जेटमधून दिसत नाही, हे वर सांगतो.

तिकिटावरची वेळही नीट वाचायला शिकलं पाहिजे. सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं ती. पोचण्याची म्हणजे पलीकडच्या विमानतळावर जागेवर येऊन थांबलं ती. या दोन्हींमधल्या काळाला या धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेतली वाट, उड्डाण आणि उतरल्यावरचं रांगणं, सगळं धरलेलं असतं. हवेतला काळ त्यातला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा.

४. घराच्या उंबऱ्यापासून पलीकडच्या उंबऱ्यापर्यंत मोजा

हा माझा सगळ्यांत आवडता धडा आणि मी तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला कागदावर लिहून देतो. समजा, जुळे सोलापुरातला चादरीचा एक व्यापारी मुंबईत काळबादेवीला निघालाय.

घर ते होटगी रोडचा विमानतळ: अर्धा तास. आपला विमानतळ शहराला इतका लगटून आहे की हे सुख मोठ्या शहरांना नाही. सुटण्याआधी दीड तास पोचायचं. सामान देण्याचा काउंटर बराच आधी बंद होतो, ती वेळ तिकिटावर छापलेली असते. इथवर झाले दोन तास. विमानाचा सव्वा तास धरा: सव्वातीन. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटं. तिथून काळबादेवीपर्यंत टॅक्सीनं, बरी वेळ असेल तर, तासभर. पावणेपाच तास भरले. म्हणजे या सगळ्या प्रवासात माणूस हवेत असतो तो जेमतेम पाऊण तास.

आता त्याच माणसाला वंदे भारतमध्ये बसवू. १० फेब्रुवारी २०२३ ला ती सुरू झाली. सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेसहा तासांत सीएसएमटीला पोचवते. भोर घाटात इतर गाड्यांना मागून जोडइंजिन लावावं लागतं, हिला लागत नाही. स्टेशनपर्यंतचा आणि थोडा आधी पोचण्याचा वेळ धरून पाऊण तास, आणि सीएसएमटीहून काळबादेवी हाकेच्या अंतरावर. साडेसात तास झाले. विमानानं वाचले पावणेतीन.

पण तोच व्यापारी अंधेरीच्या कचेरीत जाणार असेल तर? विमानतळ अंधेरीच्या दारातच, म्हणून विमानाचा आकडा चार तासांवर येतो. रेल्वेवाल्याला दादरला उतरून लोकल धरावी लागते आणि तो आठ तासांकडे सरकतो. वाचलेला वेळ चार तासांवर गेला. विमान तेच, अंतर तेच. मुंबईत कुठे जायचंय, हे विचारल्याशिवाय मी आता तिकीट काढतच नाही.

५. वेळापत्रकातली वेळ प्रवासाच्या वेळेपेक्षा मोठी

सोलापूरच्या जुन्या व्यापाऱ्याला विचारा, मुंबई किती लांब? तो म्हणेल, एक झोप. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये पथारी टाकायची, सकाळी मुंबईत तोंड धुवायचं, दिवसभर मार्केट करायचं, रात्री पुन्हा सिद्धेश्वर. आठ तासांचा प्रवास, पण जागेपणाचा एकही तास त्यात जात नाही. घड्याळात हरलेली गाडी दिवसाच्या हिशेबात विमानाला हरवते, ती अशी.

विमानाची वेळ जर भर दुपारची असेल तर सकाळचं काम सोलापुरात होतं, पण मुंबईतल्या कचेऱ्या बंद व्हायच्या वेळेला माणूस तिथं पोचतो. मग मुक्काम आला, हॉटेल आलं. म्हणून सोलापूरला खरी गरज आहे ती सकाळी लवकर जाऊन रात्री परत आणणाऱ्या विमानाची. पंधरा मिनिटं आधी पोचवणारं विमान कुणी मागत नाही. सकाळचं मागतात. हे विमान कंपन्यांना आणि आपल्या लोकप्रतिनिधींना पुन्हा पुन्हा सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

६. पुण्याला गाडीच बरी

हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी निघून चार तासांच्या आसपास पुणे स्टेशनात उतरवते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं नाव तिला आहे, म्हणून या गाडीचा मला वेगळा जिव्हाळा. अडीचशे किलोमीटरच्या आतल्या सपाट वाटेवर विमानतळावरच्या थांबण्यानंच सगळा फायदा खाल्ला जातो.

७. पुढचं विमान असेल तर मिनिटांची कंजुषी नको

पूर्व भागातल्या एका पद्मशाली घरातल्या आजी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या होत्या. मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, सोलापूर-मुंबई सव्वा तास, मुंबईत उतरल्यावर तीन तासांनी न्यूयॉर्कचं विमान, बसवून टाका. मी त्याला खुर्ची दिली.

सोलापूरचं तिकीट एका कंपनीचं आणि परदेशाचं दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे तिकिटं दोन आणि पीएनआरही दोन. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबायला बांधील नाही आणि पैसे परत द्यायलाही. सामान आपोआप पुढे जात नाही. मुंबईत पट्ट्यावरून उतरवून घ्यायचं, टर्मिनल वेगळं असेल तर रस्त्यानं तिकडे जायचं, पुन्हा द्यायचं. त्यात परदेशाच्या विमानासाठी तीन तास आधी रांगेत उभं राहायचं असतं. शिवाय छोट्या गावांच्या सेवेत एकच विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं. सकाळी पहिल्या गावात अर्धा तास गेला की तो उशीर दुपारपर्यंत प्रत्येक गावात उतरतो. आता तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर "मुंबई" एवढंच वाचून भागत नाही, बीओएम की एनएमआय हे अक्षरात बघायचं. दोन विमानतळांच्या मध्ये अख्ख्या मुंबईची वाहतूक आहे. गोव्याचंही तसंच: मोपा म्हणजे जीओएक्स, दाबोळी म्हणजे जीओआय. सोलापूरला एसएसई.

मुलाला पटलं, पण आजींना शंका वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. अमेरिका पश्चिमेला, मग नातवानं मोबाइलवर दाखवलेली विमानाची वाट उत्तरेला का वळते? कपाटावर शाळेच्या वयातला एक पृथ्वीगोल धूळ खात होता, तो उतरवला. त्यांच्याच पिशवीतला सुती दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, एक न्यूयॉर्कवर, आणि म्हटलं, आता ताणा. आजींनी आयुष्यभर मागावर सूत ओढलेलं. बोटांना ताण बरोबर कळतो. दोरा ताणला गेला तसा आपोआप वर सरकला, अरबस्तान सोडून युरोपच्याही उत्तरेकडे गेला. सैल सोडून पश्चिमेला सरळ ठेवला की दोरा जास्त लागतो, हे त्यांनीच दोनदा करून पाहिलं. गोलावरची सर्वांत जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ते हातानं ओळखलं.

त्या वाटेवरही माणसांनी केलेले अडथळे असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हापासून उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला. दोन शहरांमधलं अंतर तसूभर बदललं नाही, प्रवासाचे तास मात्र वाढले.

आजींना आम्ही आदल्या दिवशी मुंबईला पाठवलं, रात्री चेंबूरच्या भाचीकडे मुक्काम. चाकाच्या खुर्चीची नोंद तिकीट काढतानाच केली. ती आयत्या वेळी मागितली की वेळ जातो. शेंगाचटणीचा डबा हातातल्या पिशवीतून काढून मोठ्या बॅगेत घातला, कारण तिखट घेऊन विमानात बसू देत नाहीत आणि तपासणीच्या रांगेत म्हाताऱ्या माणसानं पिशवी उपसत उभं राहणं मला बघवत नाही.

८. सोलापूरचं ऊन आणि आभाळ हिशेबात धरा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, आणि विमानाला सुटायला जास्त धावावं लागतं. त्यात होटगी रोडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून चारशे ऐंशी मीटरच्या आसपास उंच आणि धावपट्टी दोन किलोमीटरच्या थोडीच वर. अशा जागी कडक दुपारी विमानाला वजन मोजून न्यावं लागतं. उन्हाळ्यात सामानाच्या वजनावर काउंटरवरची माणसं जास्त काटेकोर वाटली तर त्यांच्यावर चिडू नका.

पावसाळ्यात आपल्यापेक्षा मुंबईचं आभाळ बघा. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. इथं लख्ख ऊन आणि तिकडे धावपट्टी दिसेना, असं जुलैत सर्रास होतं. आपल्याकडच्या ढगांची गोष्टच निराळी. ते येतात, भरतात आणि न बरसता पुढे जातात. म्हणूनच २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं ढगांत कण पेरण्याचा प्रयोग सोलापूरभोवती केला. पेरणीच्या जागेपासून वारा वाहतो त्या बाजूच्या भागात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं शास्त्रज्ञांनी पुढे नोंदवलं. प्रवासी विमान पुन्हा यायच्या कितीतरी आधी या गावाच्या आकाशात पावसासाठी विमानं फिरली, हे मला फार मोलाचं वाटतं.

हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. मुंबईहून येताना ते पाठीशी आणि जाताना तोंडावर. लांबच्या प्रवासात यानं तासाचा फरक पडतो, आपल्या साडेतीनशे किलोमीटरमध्ये चार-पाच मिनिटांचा.

९. ही सेवा टिकवायची तर आसनं भरली पाहिजेत

या धावपट्टीवरून किंगफिशरचं विमानही पूर्वी काही काळ मुंबईला जायचं. ते बंद पडलं, पुढे २०१२ मध्ये ती कंपनीच थांबली आणि सोलापूरला पुन्हा प्रवासी विमान दिसायला बारा-तेरा वर्षं गेली. त्या काळात या गावानं काय काय पाहिलं! श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानाच्या वाटेत येते यावरून गावात उभे दोन तट पडले. एका बाजूला विमानासाठी उपोषणाला बसलेली शहरातली माणसं, दुसऱ्या बाजूला आपला कारखाना वाचावा म्हणून झटणारे ऊस उत्पादक सभासद. नव्वद मीटरच्या पुढची ती चिमणी १५ जून २०२३ ला काही क्षणांत खाली आली. माझ्या दुकानात दोन्ही बाजूंची माणसं येतात. विमान हवं होतं असं म्हणणाऱ्याचंही खरं आणि त्या चिमणीकडे बघून ज्याच्या पोटात कालवाकालव झाली त्याचंही खरं. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, तरी पहिलं विमान यायला पुढचा जून उजाडला.

इतकी किंमत मोजून आलेलं विमान रिकामं उडू नये, ही माझी तळमळ आहे. मुंबईच्या सेवेला राज्य सरकारनं व्यवहार्यता तफावत निधीचा आधार दिलाय. रिकाम्या आसनांचा तोटा काही काळ त्यातून भरून निघतो. तो आधार कायमचा नसतो. म्हणून जो माणूस पूर्वी पुण्याला गाडीनं पाच तास जाऊन लोहगावहून बेंगळुरूला उडायचा, त्याला मी आता हिशेब मांडून दाखवतो. सोलापूरहून थेट गेलं तर बरेच तास वाचतात. आयटीतली आपली शेकडो पोरं बेंगळुरूला आहेत. दिवाळीला ती पुण्यावरून आली तर तो आकडा पुण्याच्या खात्यात जातो आणि सोलापूरला प्रवासी नाहीत असा कागद तयार होतो.

१०. येणाऱ्यांसाठी वाट वेगळी आखा

जाणाऱ्यांइतकेच येणारे महत्त्वाचे. बेंगळुरूहून, मुंबईहून देवदर्शनाला येणारं कुटुंब विचारतं, तुळजापूर आधी की पंढरपूर? मी त्यांना आधी अक्कलकोट सांगतो. विमानतळ शहराच्या दक्षिणेला, अक्कलकोट आग्नेयेला. गावात न शिरता पाऊण-एक तासात स्वामी समर्थांच्या मठात पोचता येतं. संध्याकाळी परत सोलापुरात, सिद्धरामेश्वराचं मंदिर आणि तळ्याकाठची हवा, जेवायला कडक भाकरी. दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर, पंचेचाळीस किलोमीटर, आणि दुपारनंतर पश्चिमेला पंढरपूर, पाऊणशेच्या आसपास. परतीचं विमान दुपारचं असेल तर पंढरपूर आदल्या रात्रीच उरकून घ्यावं, कारण विठ्ठलाच्या रांगेला किती वेळ लागेल हे कुणाच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

आषाढीच्या आठवड्यात मात्र मी परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढून देत नाही. गिऱ्हाइकानं कितीही आग्रह धरला तरी एक दिवस पुढचं काढतो. मोहोळपासून पुढचा रस्ता वारकऱ्यांचा असतो त्या दिवसांत, आणि गाड्यांनी त्यांच्या मागूनच चालायचं असतं.